वरची खोली

[दृश्य: दांडिया बाजार, सकाळ. लाकडी गॅलरीचा जुना वाडा. जिन्याच्या वरच्या टोकाला कुलूप लावलेलं दार.]

निवेदन:

हा वाडा माझ्या मावशीचा. दांडिया बाजार, बडोदं. सरकारदरबारी वडोदरा, पण मराठी माणसाच्या तोंडात अजून बडोदंच. जिना चढून गेलं की वर एक खोली आहे. पूर्वेला खिडकी, मोरी वेगळी, पाण्याची सोय. चार वर्षं ती बंद आहे. भाडेकरू मिळत नाही म्हणून नव्हे. महिन्याला एखादा तरी विचारून जातोच. मावशी दारातच विचारते, "कुठले तुम्ही?" उत्तर धुळं, जळगाव, नंदुरबार असं आलं की ती खोली एकदम 'मुलाला लागणार' असते.

मुलगा कॅनडात आहे.

[आवाज, मावशी: "आमचं बडोदं असं नव्हतं गं. संध्याकाळी सूरसागरावर गेलं की दहा माणसं ओळखीची भेटायची. आता कोण कुठनं येतं, काही पत्ता लागत नाही. एकानं खोली घेतली की सहा महिन्यांत अख्खं गाव येऊन राहतं. आणि बोलणं तरी काय, ना धड मराठी, ना धड गुजराती!"]

ही फिल्म करायचं ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात वेगळंच होतं. महाराष्ट्रातून इथे कामाला येणाऱ्यांबद्दल गुजराती लोक काय म्हणतात, ते टिपायचं. ते टिपलंही, येईल पुढे. पण कॅमेरा लावला आणि पहिली तक्रार आली ती माझ्याच घरातून, अगदी शुद्ध मराठीत. शुद्ध म्हणजे आमच्या बडोद्याची शुद्ध. मावशी भाजीला शाक म्हणते, गच्चीला अगाशी, आणि उशीर झाला की तिच्याकडे 'मोडं' होतं. हे तिला सांगायची माझी छाती नाही.

'आमचं बडोदं'. कधीपासून आमचं?

[दृश्य: सोनगडचा डोंगरी किल्ला. पायथ्याशी महामार्ग, मालट्रक, एक लाल एसटी.]

हे तापी जिल्ह्यातलं सोनगड. पुणे जिल्ह्यातल्या दावडीचे गायकवाड, सेनापती दाभाड्यांचे सरदार. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पिलाजीराव गायकवाडांनी इथे ठाणं मांडलं. काम काय, तर गुजरातेतून चौथ आणि सरदेशमुखी वसूल करायची. चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे वर आणखी दहावा. १७३२ मध्ये डाकोरला पिलाजीरावांचा दग्याने खून झाला, आणि १७३४ पासून बडोदं गायकवाडांकडे राहिलं ते संस्थान विलीन होईपर्यंत. त्यांच्यामागून शिलेदार आले, कारकून आले, मग भिक्षुक, वैद्य, गवई, आचारी. त्यात आमचा कोणी पूर्वज हिशेब लिहायला आला होता, एवढंच घरात ठाऊक आहे. मूळ गाव सातारा बाजूला कुठेतरी. गावाचं नाव आता कोणालाच आठवत नाही.

म्हणजे आमच्यातलं कोणी इथे खोली भाड्याने मागायला आलं नव्हतं. घरं घ्यायलाच आलं होतं. दर साल चौथाई मोजणाऱ्या इथल्या माणसाच्या मनात तेव्हा काय आलं असेल, ते कोणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही. एक शब्द तेवढा उरलाय. गुजराती शेजारी आम्हाला 'दक्षिणी' म्हणत. दक्षिणेकडून आलेले. माझ्या आजोबांच्या लहानपणी पत्ता सांगायची रीत होती, 'पेलुं दक्षिणीनुं घर'. ते दक्षिणीचं घर. इथे सहा पिढ्या जळून राख झाल्या होत्या तेव्हा आमच्या, तरी.

[दृश्य: मावशीची बैठकीची खोली. भिंतीवर सयाजीरावांची तसबीर, तिला हार.]

मावशीच्या बैठकीत देवाच्या तसबिरी आत आणि बाहेर एकच फोटो, महाराजा सयाजीराव तिसरे. त्यांचा विषय निघाला की मावशीला थांबवता येत नाही. १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याआधी १८९३ मध्ये अमरेलीत करून पाहिलं. गावोगाव वाचनालयं. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा. आणि घराणं मराठी असून कारभार गुजरातीत, कारण रयत गुजराती. ह्या शेवटच्या गोष्टीचं मावशीला विशेष कौतुक आहे.

महाराजांचा जन्म १८६३ चा, कवळाण्याचा. कवळाणं म्हणजे नाशिक जिल्हा, मालेगाव तालुका. शेतकऱ्याच्या घरचा मुलगा, नाव गोपाळ. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केलं आणि १८७५ मध्ये विधवा महाराणी जमनाबाईंनी दत्तक घ्यायला भाऊबंदांतली मुलं बोलावली. "कशाला आलास रे?" असं विचारल्यावर ह्याने म्हणे सांगितलं, "राज्य करायला." बाराव्या वर्षी बडोद्यात पाऊल ठेवलं तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं.

मी मावशीला विचारलं, आज तो मुलगा तुझ्या जिन्यात उभा राहिला आणि म्हणाला, मालेगावकडचा आहे, खोली हवी होती, तर?

मावशी म्हणाली, "चावटपणा करू नकोस."

[दृश्य: सयाजीबाग, दुपार. वडाची सावली. संकल्प भूमी.]

त्याच महाराजांनी पुढे हे शहर बाहेरच्या माणसांनी भरून टाकलं. बंगाली अरविंद घोष इंग्लंडहून आले, रविवर्मा त्रावणकोरमधून, फैयाज खाँ आग्रा घराण्याचं गाणं घेऊन. ग्रंथालयं उभी करायला अमेरिकेतून बॉर्डन आले. शहर या माणसांची नावं आज मोठ्या अभिमानाने सांगतं. एका माणसाची गोष्ट सांगताना मात्र आवाज जरा खाली येतो.

सप्टेंबर १९१७. संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. भीमराव आंबेडकर नोकरीवर रुजू व्हायला बडोद्यात उतरले. राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळच्या आत खोली सोडायला सांगितलं. दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही हात वर केले. मुंबईच्या गाडीला वेळ होता. तो त्यांनी ह्या बागेत काढला. त्याची खूण म्हणजे ही संकल्प भूमी.

तिथे प्रश्न प्रांताचा नव्हता, जातीचा होता. त्यात गल्लत करायची नाही. पण दारात उभं करून विचारलेला 'कुठले तुम्ही' हा प्रश्न पुष्कळदा नुसत्या गावाबद्दल नसतो, हे इथे बसून चांगलं समजतं. गावावरून आडनाव, आडनावावरून जात, आणि जातीवरून स्वयंपाकघर. हल्ली तर मधल्या पायऱ्याही गाळतात. फ्लॅट दाखवायच्या आधी दलाल सरळ विचारतो, "नॉनव्हेज खाता का?"

[दृश्य: जुनी छायाचित्रं. मग नवापूर स्टेशनचा फलाट, एक लाकडी बाक.]

१ मे १९४९. बडोदं संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६०, मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले. तिकडे संयुक्त महाराष्ट्र, इकडे महागुजरात. दोन्हीकडे पेढे वाटले. आमच्या वाड्यात कोणी घर बदललं नाही, गाव बदललं नाही, खाट सुद्धा हलवली नाही, आणि सकाळी उठून बघतो तर आम्ही दुसऱ्या राज्यातले. माझी आई तेव्हा दुसरीत होती. मधल्या सुट्टीत एक मुलगी तिला म्हणाली, "हवे तमे तमारा महाराष्ट्रमां जाओ." आता तुम्ही तुमच्या महाराष्ट्रात जा. आईने घरी येऊन विचारलं, आपला महाराष्ट्र कुठे आहे?

त्या नव्या हद्दीचं सगळ्यात गमतीदार रूप सुरत-भुसावळ मार्गावर नवापूरला आहे. स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या ह्या बाकावर रंगाने रेघ मारलीय. लोक दोन राज्यांत पाय ठेवून फोटो काढतात. आम्हीही काढला.

ह्याच बाकावरून पुढे सरकत सरकत जी माणसं बडोद्यात आली, त्यांच्याकडे आता जाऊ.

[दृश्य: मकरपुरा जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत. लेथ मशीनचा आवाज. लोखंडाचा किस, कुलंटचं पांढरं पाणी.]

१९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी आली. त्याच दशकात जीएसएफसीचा खतकारखाना, १९६९ मध्ये आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी. मोठा कारखाना आला की त्याला नट-बोल्टपासून व्हॉल्व्हपर्यंत पुरवणारे शंभर छोटे कारखाने लागतात. त्यांना टर्नर, फिटर, वेल्डर हवे होते. तिकडे खानदेशात १९७२ चा दुष्काळ पडून गेलेला, भावाभावांत वाटण्या होऊन शेत गुंठ्यांवर आलेलं, आणि अमळनेर, जळगाव, धुळ्याच्या कापडगिरण्या एकेक करून बंद पडलेल्या. बरीच माणसं सुरतेला मागावर गेली. काही पुढे आली, बडोद्यापर्यंत.

हे काका १९८१ मध्ये आले, अमळनेर तालुक्यातून. आयटीआय झालेलं. खिशात एका गाववाल्याचा पत्ता. आज तरसालीला त्यांचं स्वतःचं घर आहे, दोन मजली, वरच्या तीन खोल्या भाड्याने दिलेल्या. त्यांच्याकडे आम्ही दोन दिवस होतो, आणि खरं सांगते, ह्या फिल्ममधलं निम्मं शहाणपण त्यांचं आहे.

[आवाज, काका: "पहिल्या महिन्यात रविवारी मी दांडिया बाजारात गेलो, ताई. कोणी सांगितलं, तिथं आपली मराठी माणसं राहतात. गणपतीची आरती चालू होती. उभा राहिलो. प्रसाद मिळाला, नाही असं नाही. मग एका बाईनं विचारलं, कोणाकडे आलास? म्हटलं, कोणाकडे नाही. आडनाव विचारलं. मग काही नाही विचारलं. गुजराती शेठनं मला कामावर ठेवताना एवढंच विचारलं, लेथवर चार सूत मापाचा जॉब काढता येतो का? आम्हले आपला माणूसनी कधी घर म्हनीसन ईचारं नही."]

काका माझ्याशी प्रमाण मराठीत बोलतात, जपून. बोलता बोलता मधेच अहिराणी येते, आणि ती आली की त्यांचा चेहरा सैल होतो. 'काय शे?' म्हणजे काय आहे? मावशीच्या कानाला हे 'ना धड मराठी, ना धड गुजराती' वाटतं. पण जरा ऐका. अहिराणीचं 'शे' आणि गुजरातीचं 'छे' यांच्यामध्ये फार अंतर नाही. सहा महिन्यांत काका बाजारात गुजराती बोलायला लागले. आमच्या वाड्यात अडीचशे वर्षांनंतरही असे म्हातारे होते, जे गुजराती बोलत, पण त्यात कायम दिवाणखान्यातला सूर असे. इथली माती जिभेला आधी कोणाच्या लागली, ह्याचं उत्तर आमच्या घराण्याला अडचणीचं आहे.

खानदेशातली कानबाई देवी इथेही बसते, श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. रात्रभर जागरण, गाणी, सकाळी मिरवणूक. मावशीची त्यावरही तक्रार आहे, लाउडस्पीकरची. तिच्या खिडकीखालून गणपतीत दहा दिवस ढोल जातो, तो तिला ऐकू येत नाही असं दिसतं.

आता गुजराती बाजू. काकांच्या गल्लीतले गुजराती शेजारी कॅमेऱ्यासमोर गोड बोलले. कॅमेरा बंद झाल्यावर एकाने सांगितलं ते असं: हे लोक कमी पगारात काम धरतात, आमच्या मुलांना मग कोण घेणार? ह्या तक्रारीला सरकारी उत्तरही आहे. १९९५ मध्ये गुजरात सरकारने ठराव केला, कारखान्यांत ८५ टक्के कामगार आणि ६० टक्के व्यवस्थापक, पर्यवेक्षक स्थानिक असावेत. स्थानिक कोण? जो किमान १५ वर्षं गुजरातेत राहिलाय. त्या हिशेबाने काका १९९६ मध्येच स्थानिक झाले. दांडिया बाजारच्या हिशेबाने अजून व्हायचेत.

ठराव कागदावर चांगला दिसतो. पण ठेकेदारामार्फत घेतलेला माणूस कारखान्याच्या हजेरीपटावर नसतोच, मग टक्का मोजायचा कशाचा? मालकाला स्थानिक नको असतो तो तो स्थानिक आहे म्हणूनच. त्याचं घर इथे, भाऊबंद इथे, युनियन इथे. बाहेरून आलेला संध्याकाळी परत जाणार कुठे, तो जादा पाळी करतो. राग येतो तो कमी पगारात राबणाऱ्यावर. पगार कमी ठरवणारा ह्या भांडणात कुठे दिसतच नाही.

मुंबईतला माझा मामेभाऊ हेच्या हेच वाक्य बोलतो. फक्त माणसं दुसरी. महाराष्ट्रातही ८० टक्के स्थानिकांचा नियम आहे, तो त्याला तोंडपाठ आहे. दिवाळीला तो बडोद्याला आला की मी मुद्दाम विषय काढते. जेवण होईपर्यंत टिकतो.

राजकारणातही हे अधूनमधून वर येतं. सी. आर. पाटील जळगाव जिल्ह्यात जन्मलेले, नवसारीचे खासदार, २०२० मध्ये गुजरात भाजपचे अध्यक्ष झाले. २०२२ मध्ये विरोधकांनी विचारलं, अध्यक्ष करायला एक गुजराती मिळाला नाही? त्या दिवशी काकांच्या कारखान्यात चहाच्या सुट्टीत कोणी काही बोललं नाही. ते म्हणाले, "न बोलणंच ऐकू येत होतं."

[दृश्य: कडिया नाका, सकाळी सात. फुटपाथवर उभी माणसं, बायका, घमेली, पाठीला बांधलेलं मूल.]

हा कडिया नाका. कडिया म्हणजे गवंडी. इथे रोजावर माणूस मिळतो. उभे आहेत त्यांतले बरेच मध्य प्रदेशातले, झाबुआ आणि अलीराजपूरचे भिल्ल, भिलाले. गुजरातला लागूनच आहेत हे जिल्हे. अलीराजपूरला आता छोटा उदेपूरमार्गे रेल्वेही जाते. होळीच्या आधी त्यांच्याकडे भगोरियाचा मेळा भरतो तेव्हा हा नाका ओस पडतो आणि शहरातल्या इमारती जिथल्या तिथे थांबतात. बिल्डर तेव्हा त्यांची आठवण काढतात, एरवी नाही.

मुकादम येतो, बोटं दाखवतो. जोडी असेल तर आधी उचलतो, नवरा-बायको दोघं. साइटवरच प्लास्टिकचा कागद बांधून राहतील, भाडं नाही, येण्याजाण्याचा वेळ नाही.

२०१८ च्या सप्टेंबरअखेर हिंमतनगरजवळच्या एका भयंकर गुन्ह्यात परराज्यातल्या एका माणसाला पकडलं, आणि ऑक्टोबरात गुजरातेत बऱ्याच ठिकाणी हिंदी बोलणाऱ्यांवर हल्ले झाले. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, कोणी फरक केला नाही. हजारो माणसं मिळेल त्या गाडीने निघून गेली. त्या आठवड्यात हा नाका रिकामा होता, तेव्हा भगोरिया नव्हता.

काकांच्या तीन खोल्यांपैकी एक गेल्या महिन्यात रिकामी झाली. अलीराजपूरचं एक जोडपं विचारायला आलं होतं. मी विचारलं, दिली का?

[आवाज, काका: "नाही ताई. म्हणजे... माणसं वाईट नाहीत. पण एकाला दिली की मागून दहा येतात. घाण होते. बोलणंबी समजत नाही त्यांचं."]

कॅमेरा चालू होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग लेथकडे पाहिलं. हे वाक्य आम्ही एडिटमध्ये एकदा काढलं होतं, काकांसाठी. मग मावशीचंही काढावं लागलं असतं. दोन्ही ठेवली.

[दृश्य: दांडिया बाजारचा वाडा, संध्याकाळ.]

शूटिंगचा शेवटचा दिवस मावशीकडेच होता. आमच्यात साउंडला एक मुलगा होता, तेवीस-चोवीस वर्षांचा, हेडफोन लावून दिवसभर गप्प. काम संपल्यावर मावशीने सगळ्यांना सेव-उसळ दिली. बडोद्याची सेव-उसळ, पांढऱ्या वाटाण्याची, वरून तरी. ह्या पदार्थावर गुजराती माणूस हक्क सांगतो, पण 'तरी'ला अजून तरीच म्हणतो. मुलाने दुसऱ्यांदा तरी मागितली. मावशी खूश.

"कुठला रे तू?"

"मालेगावकडचा, आजी."

"मालेगाव? म्हणजे आमच्या महाराजांचं कवळाणं..."

"आमच्या गावापासून जवळच आहे आजी. लहानपणी सायकलवर जायचो."

मावशी उठली. आतून लोणच्याची बरणी आणली, जी ती आम्हालाही दाखवत नाही. त्याच्या ताटात दोन फोडी वाढल्या. आई काय करते विचारलं, बहिणी किती विचारलं, पाव अजून एक घे म्हणाली. मुलगा धीटावला. म्हणाला, "आजी, मी सध्या मित्राकडे राहतोय निझामपुऱ्यात, चौघं आहोत एका खोलीत. तुमची वरची खोली..."

मावशीने बरणीचं झाकण फिरवून घट्ट लावलं.

"मुलाला विचारून सांगते हं."

[दृश्य: जिना. वरचं दार. कुलूप. खालून भांड्यांचा आवाज.]